पट्टीवरचा एक शब्द : जर्मन वसाहतींच्या युद्धपदकांवरचे क्लास्प कसे पारखायचे

तीसेक मिलिमीटर लांबीची एक सोनेरी पट्टी. तिच्यावर उठावाच्या अक्षरांत एकच शब्द : ओमाहेके. मागच्या बाजूला रिबन ओवता येईल अशी धातूची वळवलेली पट्टी. वजन म्हणाल तर हातात घेतल्याचं कळतही नाही. नामिबियाच्या पूर्वेकडच्या ज्या कोरड्या वाळवंटी प्रदेशाचं हे नाव आहे, तिथं १९०४ साली हेरेरो या स्थानिक जमातीची हजारो माणसं, बायका-मुलं आणि गुरंढोरं पाण्यावाचून मेली. त्यांना तिकडं रेटणाऱ्या जर्मन सैन्यातल्या माणसाच्या छातीवर ही पट्टी होती, किंवा ती कुणा कारागिराने वीस वर्षांपूर्वी ओतून, मुलामा देऊन बाजारात सोडलेली आहे. या दोन शक्यतांतली खरी कोणती, हे ठरवणं हाच या छंदाचा गाभा आहे. मी गेली बरीच वर्षं या एका प्रश्नाशी झटतोय. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून जे शिकलो ते सोपं करून सांगतो.

आधी शब्द समजून घेऊ. पदक म्हणजे मेडल, गोल धातूची चकती. ती रिबनला टांगलेली असते. पदक सांगतं की हा माणूस अमुक मोहिमेत होता. त्या मोहिमेतल्या नेमक्या कोणत्या लढाईत होता, हे सांगायला रिबनवर एक आडवी पट्टी सरकवतात. तिला इंग्रजीत क्लास्प किंवा बार म्हणतात, जर्मन लोक गेफेख्त्सश्पांगे म्हणतात, म्हणजे लढाईची पट्टी. एकाच पदकावर अशा एक, दोन, चार किंवा त्याहूनही जास्त पट्ट्या असू शकतात. पट्ट्या जितक्या जास्त तितकी किंमत जास्त, आणि म्हणूनच बनावटगिरी पदकापेक्षा पट्टीत जास्त चालते. एक अस्सल, साधं, भरपूर संख्येने मिळणारं पदक घ्यायचं, त्यावर दोन दुर्मिळ पट्ट्या चढवायच्या, की त्याचा भाव कितीतरी पट वाढतो.

जर्मनीच्या वसाहती हा इतिहासातला तसा छोटा काळ. १८८४ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत जेमतेम तीस वर्षं. टोगो, कामेरून, आजचा नामिबिया म्हणजे तेव्हाची जर्मन नैर्ऋत्य आफ्रिका, आजचे टांझानिया, रवांडा, बुरुंडी मिळून जर्मन पूर्व आफ्रिका, न्यू गिनीचा एक भाग, सामोआ आणि प्रशांत महासागरातली काही बेटं, आणि चीनच्या किनाऱ्यावरचं किआउचाउ म्हणजे आजच्या चिंगदाओचा परिसर. या तीस वर्षांतल्या लढायांसाठी तीन पदकं लक्षात ठेवावी लागतात.

पहिलं चीनचं. चीनमधला परकीयांविरुद्धचा बॉक्सर उठाव मोडायला गेलेल्या फौजेसाठी कैसर म्हणजे जर्मन सम्राट विल्हेल्म दुसरा याने ते मे १९०१ मध्ये सुरू केलं. एका बाजूला ड्रॅगनवर झेपावलेला जर्मन गरुड, दुसऱ्या बाजूला मुकुट आणि कैसरची आद्याक्षरं. लढलेल्यांना ब्राँझचं, आणि प्रत्यक्ष न लढता मोहिमेला मदत केलेल्यांना पोलादाचं. दुसरं नैर्ऋत्य आफ्रिकेचं, मार्च १९०७ मध्ये सुरू झालेलं. हेरेरो आणि नामा या तिथल्या दोन जमातींविरुद्धच्या युद्धासाठी. इथंही तीच रीत : लढणाऱ्यांच्या ब्राँझच्या पदकावर 'देन झीगराइखेन श्ट्राइटर्न', म्हणजे विजयी योद्ध्यांना, आणि पोलादाच्या पदकावर मोहिमेतल्या सेवेबद्दलचा मजकूर. तिसरं वसाहतींचं सर्वसाधारण पदक, कोलोनिआल-डेंकम्युन्झं. ते १३ जून १९१२ रोजी जाहीर झालं आणि मागच्या जवळजवळ तीस वर्षांतल्या लहानमोठ्या मोहिमांना एका छत्राखाली आणण्यासाठी होतं. त्याच्या पट्ट्यांवर प्रदेशाच्या नावापुढे सालही असतं. उदाहरणार्थ, पूर्व आफ्रिकेतला माजी-माजी उठाव मोडणाऱ्यांसाठी 'डॉइच-ऑस्टआफ्रिका १९०५/०७'.

एवढ्या माहितीवरसुद्धा पहिली चाळणी लागते, आणि ती घरात पडलेल्या लोहचुंबकाने लागते. पोलादाचं पदक चुंबकाला चिकटतं, ब्राँझचं चिकटत नाही. पट्ट्या लढाईबद्दल आहेत, पोलादाचं पदक न लढणाऱ्यांचं आहे. तेव्हा चुंबकाला चिकटणाऱ्या पदकावर लढाईची पट्टी दिसली, तर विक्रेत्याला पहिला प्रश्न तिथंच विचारायचा. आणि 'ब्राँझ' म्हणून विकलेली पट्टीच चुंबकाला चिकटली, तर पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही.

नवे लोक पट्टी हातात आली की थेट धातूकडे वळतात. मी उलट सांगेन. आधी कॅलेंडर आणि नकाशा उघडा. पट्टी म्हणजे एक विधान आहे : हा माणूस अमुक दिवशी अमुक जागी होता. ते विधान खरं असू शकतं का, हे धातू न बघताही पुष्कळदा ठरतं.

चीनचं उदाहरण घेऊ. १० जून १९०० रोजी ब्रिटिश ॲडमिरल सेमूर यांच्या हाताखाली सुमारे दोन हजारांची बहुराष्ट्रीय तुकडी तिएनत्सिनहून रेल्वेने पेकिंगकडे, म्हणजे आजच्या बीजिंगकडे, निघाली. त्यात जर्मन नौसैनिकही होते. वाटेत रूळ उखडलेले, मागचा रस्ता तुटलेला. तुकडी अडकली, माघारी फिरली, आणि सुटका होऊन २६ जूनला तिएनत्सिनला परतली. या जर्मनांसाठी 'सेमूर-एक्सपेडित्सिओन' ही पट्टी. इकडे समुद्रकिनाऱ्यावर १७ जूनच्या पहाटे ताकूचे किल्ले घेतले गेले. त्यात 'इल्टिस' ही जर्मन गनबोट होती, तिचा कप्तान लान्स जबर जखमी झाला. या लढाईसाठी 'ताकू' ही पट्टी. आता १७ जूनला सेमूरची तुकडी कुठे होती? आत, जमिनीवर, किनाऱ्याशी संपर्क तुटलेल्या अवस्थेत. मग एकाच माणसाच्या पदकावर 'ताकू' आणि 'सेमूर' या दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी कशा? दोन्ही पट्ट्या सुट्या सुट्या अस्सल असतील, भिंगाखाली निर्दोष असतील, तरी त्या एका छातीवरच्या नाहीत. कुणीतरी नंतर जुळवणी केली आहे. उलट 'सेमूर' आणि 'तिएनत्सिन' ही जोडी अगदी स्वाभाविक आहे, कारण सुटका झालेले लोक तिएनत्सिनमध्येच आले आणि तिथली लढाई १४ जुलैपर्यंत चालू होती.

'पेकिंग' या पट्टीचंही असंच. पेकिंगमधल्या परदेशी वकिलातींना वेढा पडला तेव्हा आत जर्मन रक्षक होते जेमतेम पन्नास, तिसऱ्या सागरी बटालियनचे. जर्मन राजदूत केटेलर २० जूनला रस्त्यात मारला गेला. १४ ऑगस्टला वेढा उठला. फील्डमार्शल वाल्डरझेच्या हाताखालची मोठी जर्मन फौज त्यानंतर पोचली. इतक्या मूठभर लोकांशी जोडलेली पट्टी जर एखाद्याकडे ट्रेभर दिसली, तर काय समजायचं ते सांगायला नको.

नकाशा-कॅलेंडरची कसोटी उलट बाजूनेही कामी येते, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण नवखे लोक अस्सल वस्तूही नाकारतात. नैर्ऋत्य आफ्रिकेच्या पदकावर '१९०४-०६' अशी सालं कोरलेली आहेत. त्यावर 'कालाहारी १९०८' पट्टी बघितली की वाटतं, झाली फसवणूक. १९०६ ला संपलेल्या पदकावर १९०८ कसं? पण ते बरोबर आहे. नामा नेता सायमन कूपर याच्या पाठलागासाठी कॅप्टन फॉन एर्कर्ट उंटांवर स्वार केलेली तुकडी घेऊन कालाहारीत खोल शिरला. १६ मार्च १९०८ च्या पहाटे हल्ला झाला आणि पहिल्या काही मिनिटांतच एर्कर्ट स्वतः मारला गेला. त्या मोहिमेतल्यांना जुन्याच पदकावर ही पट्टी मिळाली. साल पदकाशी जुळत नाही म्हणून ती बाजूला टाकणारा संग्राहक एक फार चांगली वस्तू गमावतो.

आणखी एक ढोबळ नियम. नोव्हेंबर १९१४ मध्ये आजच्या टांझानियातल्या टांगा बंदरावर ब्रिटिशांनी जी फौज उतरवली, ती मुख्यतः भारतीय शिपायांची होती आणि ती ऑक्टोबरात मुंबईच्या बंदरातून निघाली होती. तिथं तिचा दारुण पराभव झाला. ती लढाई जर्मनांच्या अभिमानाची, पण वसाहतींच्या पदकाच्या पट्ट्या महायुद्धापूर्वीच्या मोहिमांसाठी आहेत. १९१४ नंतरचं साल असलेली पट्टी कुणी 'अतिदुर्मिळ' म्हणून पुढे केली तर हात जोडून परत द्यावी.

स्पेलिंगकडेही बघायचं, पण आजच्या डोळ्यांनी नाही. जर्मनांनी चिनी नावं त्यांच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिली. आज तिएनजिन म्हणतात म्हणून 'तिएनत्सिन' चुकीचं ठरत नाही. गंमतीची आणि उपयोगाची गोष्ट अशी की त्याच युद्धाच्या ब्रिटिश पदकावर शहराचं नाव 'पेकिन' असं आहे, शेवटी जी नाही. जर्मन पट्टीवर 'पेकिंग', जी आहे. दोघांची सरमिसळ केलेला माल मी स्वतः पाहिलाय.

आता धातू. अधिकृत पट्ट्या छापाच्या असत. म्हणजे पोलादाच्या कठीण डायवर, म्हणजे ठशावर, नक्षी उलटी कोरायची आणि प्रचंड दाबाने ती धातूच्या पत्र्यात उमटवायची. आपल्याकडच्या नाण्यांसारखंच. बनावट पट्टी बहुतेक वेळा ओतीव असते : अस्सल पट्टीचा साचा घेतला, त्यात वितळलेला धातू ओतला, मुलामा दिला. या दोन रीतींच्या खुणा वेगळ्या असतात आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या साध्या भिंगाखाली त्या दिसतात. घड्याळजी वापरतात तसलं भिंग पुरतं.

अक्षर बघताना अक्षराच्या माथ्याकडे बघू नका, त्याच्या पायाकडे बघा. जिथं अक्षराची उभी भिंत सपाट पार्श्वभूमीला मिळते, तो कोपरा. छापाच्या पट्टीत हा कोपरा धारदार असतो, जणू सुरीने कापलेला. ओतीव पट्टीत तो गोलसर, साबण वापरून गुळगुळीत झाल्यासारखा दिसतो, कारण वितळलेला धातू साच्याच्या अगदी बारीक कोपऱ्यात नीट शिरत नाही. मग पार्श्वभूमी बघा. ओतीव धातूत हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात, त्यांचे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहतात. काही वेळा साच्यातल्या कणांमुळे उलट बारीक पुळ्या येतात. मग कडा. ओतीव तुकड्याच्या कडेला दोन साचे मिळतात तिथली रेघ कानशीने घासून काढावी लागते, आणि कानशीचे आडवे ओरखडे राहतात. छापाच्या पट्टीची कड कापलेली असते. तिथली चमक एका दिशेने वाहत गेल्यासारखी दिसते.

दुसरं हत्यार व्हर्निअर कॅलिपर. वितळलेला धातू थंड होताना आकसतो, ब्राँझ साधारण शेकडा एक ते दीड. त्यामुळे अस्सल पट्टीचा साचा घेऊन ओतलेली नक्कल मुळापेक्षा किंचित लहान निघते. तीसेक मिलिमीटरच्या पट्टीत हा फरक पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या दरम्यान असतो. डोळ्यांना कळत नाही, कॅलिपरला कळतो. म्हणून ज्या अस्सल पट्टीबद्दल खात्री आहे तिची लांबी, रुंदी, अक्षरांची उंची, दोन अक्षरांमधलं अंतर मोजून वहीत टिपून ठेवायचं. माझ्याकडे अशी एक वही आहे आणि मला ती माझ्या बहुतेक पट्ट्यांपेक्षा जास्त मोलाची वाटते.

ओळखीचा सोनार असेल तर त्याची मदत घ्या. पाण्यात वजन करून विशिष्ट गुरुत्व काढणं त्याच्या रोजच्या कामातलं. ब्राँझचं ते पावणेनऊच्या आसपास येतं, जस्ताचं सातच्या थोडंसं वर. पिवळ्या मुलाम्याखाली जस्त लपवलं असेल तर इथं उघडं पडतं. सोनाराचा आणखी एक उपयोग आहे : मागच्या पट्टीला दिलेला डाग, म्हणजे झाळून केलेला जोड, त्याला दाखवा. जुना डाग कसा दिसतो, नंतर कुणी पुन्हा डाग दिलाय का, हे त्याची नजर आपल्या भिंगापेक्षा लवकर ओळखते. डाग नवा असला म्हणजे पट्टी खोटीच, असं मात्र नाही. सैनिकाने स्वतः दुरुस्त करून घेतलेल्या पट्ट्याही असतात.

मुलाम्याची झीज ही शेवटची खूण. रोज छातीवर घासली जाणारी पट्टी कुठे झिजेल? जिथं कपडा, हात, शेजारचं पदक लागतं तिथं : अक्षरांचे माथे, बाहेरचे कोपरे. अक्षरांच्या मधल्या खोलगट जागेत मुलामा टिकून राहतो. जुनी दिसावी म्हणून रसायनात बुडवलेली किंवा वाळूच्या कागदाने घासलेली पट्टी सगळीकडे सारखीच झिजते, किंवा नको तिथं झिजते.

या खुणा मी पुस्तकात वाचल्या होत्या, तरी त्या पटल्या त्या एका ओमारुरूमुळे. ओमारुरू हे नामिबियातलं गाव. तिथल्या वेढलेल्या जर्मन ठाण्याची सुटका कॅप्टन फ्रांकेच्या तुकडीने ४ फेब्रुवारी १९०४ रोजी केली. त्या नावाची एक पट्टी मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून घेतली. छान झिजलेली, काळपट झाक आलेली, शेवटच्या अक्षराच्या वर एक बारीक खड्डा, जणू कुठं आपटून पडलेला. त्या खड्ड्यामुळेच मला ती अधिक खरी वाटली. वाटलं, ही वापरलेली वस्तू आहे. दोन वर्षांनी मुंबईत संग्राहकांच्या एका बैठकीत एकाने त्याची ओमारुरू दाखवली. भिंग लावलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. त्याच अक्षरावर, त्याच जागी, तोच खड्डा. कोपऱ्यातली झीजही तीच. दोन वेगवेगळ्या माणसांच्या छातीवर वाढलेल्या दोन पट्ट्या नेमक्या एकाच ठिकाणी आपटत नाहीत. दोन्ही एकाच साच्यातून आल्या होत्या आणि खड्डा साच्यातच होता. घरी येऊन कॅलिपर लावला तर लांबीही कमी भरली. विक्रेत्याला लिहिलं, उत्तर आलं नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक पट्टीचे पुढून, मागून आणि कडेने मोठे फोटो काढून ठेवतो आणि भेटेल त्या संग्राहकाला दाखवतो. बनावट माल एकेकटा असताना फसवतो. दोन शेजारी ठेवले की स्वतःच बोलतो.

रिबन हा दुर्लक्षित साक्षीदार. पट्टी दशकानुदशकं एकाच जागी बसलेली असेल, तर तिच्याखालचं कापड उजेडापासून वाचतं. पट्टी हळूच केसभर बाजूला सरकवा (जोर लावू नका, जुनं रेशीम फाटतं) आणि खाली बघा. तिथं मूळ रंगाचा एक ताजा आयत दिसला, भोवती विटकं कापड, तर पट्टी आणि रिबन फार जुने सोबती आहेत. खाली-वर सगळीकडे सारखाच विटका रंग असेल, तर पट्टी अलीकडे चढवली गेली आहे. रिबन आणि शिवणीचा दोरा काळोखात यूव्ही टॉर्चखाली धरायचा. कापड शुभ्र दिसावं म्हणून वापरतात ती चकाकी देणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून पुढे सर्वत्र पसरली; ती असलेला दोरा निळसर पांढरा झळकतो. १९०७ च्या दोऱ्याने झळकू नये. अर्थात कुणी जुनी रिबन आजच्या डिटर्जंटने धुतली असेल तर तीही झळकते, म्हणून एकट्या या कसोटीवर निकाल देऊ नये.

इथं एक भेद सांगायला हवा, कारण त्यावरून वाद फार होतात. त्या काळातले अधिकारी आणि सैनिक सरकारी पदकाशिवाय आणखी एक संच शहरातल्या जवाहिऱ्याकडून विकत घेत. एक गणवेशासाठी, एक ठेवणीतला, कोटाला लावायला साखळीवरचा लहानसा. या पट्ट्या सरकारी डायच्या नाहीत, अक्षरांचं वळण वेगळं असतं, मागची पट्टी वेगळी बसवलेली असते. त्या बनावट नाहीत. ज्या माणसाला हक्क होता त्यानेच, त्याच काळात बनवून घेतलेल्या आहेत. भाव वेगळा असेल, पण इतिहास खरा आहे. फसवण्यासाठी नंतर बनवलेली नक्कल ही तिसरी जात, तिला या दुसऱ्या जातीच्या नावाखाली विकायची युक्ती मात्र सर्रास चालते. 'जवाहिऱ्याकडची आहे, म्हणून वेगळी दिसते' हे वाक्य ऐकलं की त्या काळातल्या जवाहिरी कामाच्या खुणा दाखवायला सांगा.

आपल्याकडे ज्यांनी ब्रिटिश काळातली पदकं हाताळली आहेत, त्यांना जर्मन पदकं बघून एक गोष्ट खटकते. ब्रिटिश पदकाच्या कडेवर मिळवणाऱ्याचं नाव, नंबर, पलटण कोरलेली असते. १९०० च्या चीन मोहिमेत ब्रिटिशांची फौज मुख्यतः भारतीय शिपायांची होती. सैनिकांना चांदीचं पदक मिळालं, आणि सोबत गेलेल्या भिस्ती, डोलीवाले, मोतद्दारांना त्याच छापाचं ब्राँझचं. त्या ब्राँझच्या कडेवरसुद्धा माणसाचं नाव असतं. घरात पणजोबांचं असं काही पडलं असेल तर भिंग घेऊन कड वाचा. एका पाणक्याचं नाव एकशे वीस वर्षांनी तुमच्यासमोर येईल. जर्मन पदकाची कड कोरी असते. पदक कुणाचं, हे पदक सांगत नाही.

म्हणून जर्मन पदकासोबत कागद असेल तर त्याचं मोल धातूपेक्षा जास्त. बेसित्सझॉयग्निस म्हणजे पदक मिळाल्याचा दाखला; त्यावर माणसाचं नाव, तुकडी आणि पट्ट्यांची नावं असतात. मिलिटेअरपास म्हणजे सैनिकाची छोटी पुस्तिका. तिच्यात मोहिमा आणि पदकं तारखेनिशी नोंदलेली असतात. हाताने भरलेला भाग बहुधा कुरेंट या जुन्या जर्मन वळणात असतो, आपल्या मोडीसारखं. सरावाशिवाय वाचता येत नाही, पण महिनाभर बसलं तर जमतं. सरकारी नोंदींशी ताडून पाहणं मात्र अवघड आहे, कारण प्रशियन सैन्याचं दप्तर पॉट्सडॅममध्ये होतं आणि एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात त्याचा बहुतेक भाग जळाला. नौदलाची कागदपत्रं बरीच वाचली, ती आज फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आहेत. बव्हेरियाच्या सैनिकांच्या नोंदी म्युनिकमध्ये आहेत. त्यामुळे सेमूरच्या तुकडीतला नौसैनिक किंवा म्युनिककडचा स्वयंसेवक असेल तर नाव सापडण्याची आशा धरता येते. प्रशियन पायदळातला असेल तर फारच कमी.

या वस्तू जमवताना एक गोष्ट मी कधीच नजरेआड करू शकलो नाही, आणि करूही नये असं मला मनापासून वाटतं. पट्टीवरच्या शब्दाच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं? 'वॉटरबेर्ग' पट्टी ११ ऑगस्ट १९०४ च्या लढाईची. त्या डोंगरापाशी हेरेरो आपलं सगळं बिऱ्हाड घेऊन जमले होते. लढाईनंतर ते ओमाहेकेत पळाले, जर्मन तुकड्यांनी पाणवठे अडवले, आणि २ ऑक्टोबरला जनरल फॉन ट्रोथा याने हद्दीत सापडणाऱ्या प्रत्येक हेरेरोला, हत्यार असो नसो, गोळी घालण्याचा हुकूम काढला. उरलेल्यांना छावण्यांत डांबलं; शार्क बेटावरच्या छावणीत थंडी, भूक आणि रोगाने माणसं मेली. हेरेरो समाजाचा बहुतांश भाग आणि नामांपैकी जवळजवळ निम्मे लोक या काही वर्षांत संपले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. २०२१ च्या मे महिन्यात जर्मन सरकारने या घटनांना वंशसंहार म्हटलं. 'फालग्रास' नावाचीही एक पट्टी आहे. त्याच फालग्रासजवळ २९ ऑक्टोबर १९०५ रोजी नामांचा म्हातारा नेता हेन्ड्रिक विटबोई जखमी होऊन मेला. आज नामिबियाच्या नोटांवर त्याचं चित्र आहे. पूर्व आफ्रिकेची १९०५/०७ ची पट्टी हातात घेताना माजी-माजीनंतर मुद्दाम जाळलेली शेतं आणि त्यातून आलेला दुष्काळ आठवावा लागतो. त्यात मेलेल्यांचे आकडे लाखांत आहेत.

काही मित्र विचारतात, मग हे जमवतोस कशाला? माझं उत्तर असं की ही पट्टी पुरावा आहे. एखाद्या साम्राज्याने कोणत्या ठिकाणाला 'लढाई' म्हणायचं ठरवलं, कशाचा गौरव केला, हे ती त्याच्याच हस्ताक्षरात सांगते. आणि पुरावा म्हटला की तो अस्सल असलाच पाहिजे. खोटी ओमाहेके पट्टी विकणारा फक्त माझे पैसे घेत नाही, तो एका खऱ्या घटनेच्या नोंदीत भेसळ करतो. म्हणून माझ्या प्रत्येक पट्टीच्या पाकिटात मी एक कार्ड ठेवतो : तारीख, जागा, दोन्ही बाजूंचे सेनानी, आणि तिथं काय झालं.

सुरुवात कुठून करावी? सुट्या पट्टीपासून नको. 'हेरेरोलँड'सारख्या त्यातल्या त्यात सहज मिळणाऱ्या पट्टीचं, जुन्या रिबनवरचं, शक्यतो दाखल्यासकट पदक घ्या. मोजा, फोटो काढा, वर्षभर त्याच्याशीच ओळख वाढवा. विक्रेत्याला आधीच विचारा की तज्ज्ञाने नाकारल्यास परत घ्याल का, आणि उत्तर लेखी घ्या. जुन्या लिलावांचे छापील कॅटलॉग मिळाले तर सोडू नका. आंतरजालावर बनावट माल पसरण्याआधी ज्या पट्टीचा फोटो छापला गेला, तिची वंशावळ भक्कम. आणि भारतातून अशी वस्तू बाहेर पाठवताना १९७२ चा पुरावशेष कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तूंना तो लागू होऊ शकतो, तेव्हा आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.

घरी आल्यावर चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यातलं काहीही लावायचं नाही. काळपट थर हेच त्या धातूचं वय आहे, आणि घासताना मुलामाही जातो. प्लॅस्टिकच्या मऊ, वास येणाऱ्या (पीव्हीसीच्या) पाकिटांतून आम्लाची वाफ सुटते आणि तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवा कळक चढतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तर फारच लवकर. आम्लमुक्त कागदाचं पाकीट, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर पावसाळ्यानंतर एकदा सगळं उघडून बघणं, एवढं पुरतं.

ती बनावट ओमारुरू मी फेकली नाही. तिच्यामागे लाल शाईने 'नक्कल' लिहिलेलं कार्ड आहे, आणि नवी कुठलीही पट्टी घरात आली की आधी मी ती काढतो, दोन्ही शेजारी ठेवतो आणि दिवा जवळ ओढतो.